वाफेचं इंजिन सिम्युलेटरमध्ये तपासताय? या चुका टाळा

ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये वाफेचं नवं इंजिन आलं की बहुतेक जण एकाच पद्धतीने त्याची परीक्षा घेतात. सपाट मार्ग निवडायचा, मागे पाच-सहा डबे जोडायचे, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) पूर्ण उघडायचा आणि वेगाचा काटा कुठे थांबतो ते बघायचं. काटा पुस्तकातल्या कमाल वेगापर्यंत पोचला की इंजिन पास. या परीक्षेतून वाफेच्या इंजिनाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. ताकद सिलिंडरमध्ये दिसते, पण ती पुरवतो बॉयलर. पाच मिनिटं जोर लावणं कुठल्याही इंजिनाला जमतं. तोच जोर तासभर टिकेल इतकी वाफ बनते का, हे तपासायला हवं. पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

उदाहरणासाठी आपलं डब्ल्यूपी घेऊ. भारतीय ब्रॉडगेजवर १९४७ साली आलेलं, ४-६-२ चाकरचनेचं, टोकदार नाकाचं एक्स्प्रेस इंजिन. बॉयलरचा दाब चौरस इंचाला २१० पौंड. दोन सिलिंडर, व्यास सव्वावीस इंच, दट्ट्याची धाव २८ इंच. मोठ्या चाकांचा व्यास ६७ इंच, कोळशाच्या जाळीचं क्षेत्रफळ ४६ चौरस फूट. यावरून कागदावरचा ओढजोर येतो सुमारे ३०,६०० पौंड, म्हणजे १३६ किलोन्यूटन. एवढे आकडे हाताशी असले तरी खूप काही पडताळता येतं.

विक्रमाला मोजपट्टी समजणं

ब्रिटनचं ए४ वर्गातलं वाफेचं इंजिन मॅलार्ड ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैलांवर गेलं, म्हणून सिम्युलेटरमधल्या मॅलार्डनेही जायलाच हवं, असा आग्रह अनेकांचा असतो. तो विक्रम स्टोक बँकच्या उतारावर झाला. मागे डायनामोमीटर कार (ओढजोर मोजणारा डबा) धरून सातच डबे होते, वजन सुमारे २४० टन. विक्रमानंतर मधल्या सिलिंडरच्या जोडदांड्याचं बेअरिंग इतकं तापलेलं निघालं की गाडी पीटरबरोला थांबवून इंजिन बदलावं लागलं. त्या दिवशीचे काही क्षण म्हणजे इंजिनाची रोजची कुवत नव्हे. तुमच्या सिम्युलेटरमधलं ए४ सपाटीवर चौदा डबे घेऊन १२६ गाठत असेल, तर आनंद मानू नका, इंजिनाच्या आकड्यांची फाईल तपासायला घ्या.

चुकीचा घाट निवडणं

मराठी मंडळींना हा मोह हमखास होतो: डब्ल्यूपी घ्यायचं आणि थेट बोरघाट चढवायचा. इतिहास म्हणून हे जुळत नाही. १९३० पर्यंत कल्याण–पुणे आणि कल्याण–इगतपुरी या दोन्ही मार्गांवर १५०० व्होल्ट डीसी वीज आली होती. डेक्कन क्वीनही त्याच वर्षी विजेच्या इंजिनावर सुरू झाली. डब्ल्यूपी भारतात उतरलं तेव्हा घाटातली वाफ इतिहासजमा झाली होती. त्यामुळे ते घाटात किती वेगाने चढलं याचा जुना आकडा तुलनेला मिळणारच नाही.

तरीही बोरघाट एका कामासाठी उत्तम आहे, आणि ते काम म्हणजे इंजिन नापास व्हायला हवं अशी परीक्षा. घाटातला सर्वांत कडक चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर अंतरात १ मीटर उंची. डबे ५०० टन आणि इंजिन-टेंडर मिळून साधारण १७० टन धरले तर गाडी ६७० टनांची झाली. या चढावर फक्त वजनामुळे मागे खेचणारा जोर येतो १७८ किलोन्यूटन. डब्ल्यूपीचा कागदावरचा ओढजोर १३६. म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन (बँकर) लावल्याशिवाय ही गाडी थांबलीच पाहिजे. कोरडे रूळ, तापलेला बॉयलर, निष्णात ड्रायव्हर, कशानेही यात फरक पडणार नाही. तुमच्या स्क्रीनवर ती ताशी वीस किलोमीटरने लोणावळ्याकडे निघाली असेल, तर निकाल तिथेच लागला. इंजिन काय करू शकतं एवढंच बघण्यापेक्षा ते काय करू शकत नाही हे आधी बघावं. अशा परीक्षेत पळवाट नसते.

छोट्या चढावर समाधान मानणं

गाडी ताशी ८० किलोमीटरने येत असेल तर तिच्या नुसत्या गतीत तिला जवळपास २५ मीटर उंच नेण्याइतकी ऊर्जा असते. रुळांचा रोध बाजूला ठेवला तर १०० ला १ चढावर हे झाले अडीच किलोमीटर. म्हणजे दोन किलोमीटरचा चढ गाडीने 'सहज' काढला, तर तो इंजिनाने काढला की गतीने, हे सांगता येत नाही. चढ इतका लांब हवा की वेग उतरत उतरत एका आकड्यावर स्थिरावेल. स्थिरावलेला तो वेगच लिहून ठेवण्यासारखा असतो. असा मार्ग नसेल तर सपाटीवर मालगाडीचं भरपूर ओझं जोडा. त्यानेही काम होतं.

बॉयलरमधली साठवण विसरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. दोनशे पौंडांच्या दाबाखाली बॉयलरमधलं पाणी सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला असतं. दाब थोडा उतरला की त्याच पाण्यातून आपोआप वाफ सुटते. त्यात इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी भरणारं साधन) बंद ठेवला, तर गार पाणी तापवण्याची उष्णताही वाचते आणि तीही वाफेकडे वळते. त्यामुळे इंजिन दहा-पंधरा मिनिटं आपल्या खऱ्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त काम करू शकतं. पगार वाढलेला नसताना ठेव मोडून थाटात राहावं, तसं हे आहे. प्रत्यक्षातले ड्रायव्हर चढाच्या शेवटच्या टप्प्यात हेच मुद्दाम करत आणि उतार लागला की पाणी भरून घेत. तंत्र म्हणून ते योग्यच आहे. चाचणीत मात्र ते फसवतं.

म्हणून चाचणी सुरू करताना दोन आकडे टिपून ठेवा, दाब आणि काचेतली पाण्याची पातळी. रेग्युलेटर आणि कट-ऑफ (दट्ट्याच्या धावेच्या किती टक्क्यांपर्यंत वाफ आत सोडायची ते; हे लिव्हरने ठरतं) एका जागी ठेवून किमान अर्धा तास गाडी चालवा. शेवटी दोन्ही आकडे सुरुवातीइतकेच असतील तरच त्या फेरीतली अश्वशक्ती खरी. पाणी निम्म्यावर आलं असेल तर ती फेरी बाजूला ठेवा. ब्रिटनमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या रग्बी गावातल्या इंजिन-चाचणी केंद्रात आणि स्विंडनच्या रुळांवरच्या चाचण्यांमध्ये तत्त्व हेच होतं: वाफेचा दर स्थिर धरायचा आणि मग इंजिन काय देतं ते मोजायचं. तिथून निघालेली चाचणीपत्रकं आजही तुलनेसाठी सर्वांत भरवशाची आहेत. ब्रिटिश रेल्वेचं ब्रिटानियासारखं इंजिन तपासत असाल, तर आधी त्याचं पत्रक शोधा.

पत्रक नसलेल्या इंजिनासाठी हिशेब स्वतः मांडावा लागतो. तो अवघड नाही. तीच ६७० टनांची गाडी १०० ला १ चढावर धरा. नुसत्या चढाचा जोर ६६ किलोन्यूटन. ताशी ६० किलोमीटरला त्यासाठी लागतात सुमारे १,४७० अश्वशक्ती, आणि त्यावर डब्यांचा व हवेचा रोध. एकूण आकडा दोन हजारांच्या घरात जातो. सुपरहीटर (वाफ आणखी तापवणारा भाग) असलेलं सुस्थितीतलं इंजिन एका अश्वशक्तीला तासाला साधारण सात किलो वाफ खातं. म्हणजे ताशी चौदा टन वाफ. एक किलो चांगल्या कोळशातून साडेसहा-सात किलो वाफ मिळते असं धरलं, तर ताशी दोन टनांहून जास्त कोळसा झाला. ४६ चौरस फुटांच्या जाळीवर हे दर चौरस फुटाला शंभर पौंडांच्या आसपास पडतं आणि ती जाळीची जवळजवळ शेवटची हद्द आहे. त्यातून हा कोळसा फायरमन फावड्याने टाकत असतो. म्हणून ताशी ६० ला गाडी धापा टाकत चढली तर ते पटण्यासारखं आहे. ताशी ८० ला दाब जराही न हलता चढत असेल, तर बॉयलर फुकटची वाफ बनवतोय.

परदेशी कोळसा जाळणं

वरच्या हिशेबात 'चांगला कोळसा' म्हटलं, ते मुद्दाम. इंजिनाच्या फाईलमध्ये कोळशाचं उष्मांक मूल्य भरायची जागा असते. ती रिकामी सोडली की सिम्युलेटर उत्तम प्रतीचा कोळसा गृहीत धरतो. डब्ल्यूपीची भट्टी एवढी रुंद केली गेली ती आपल्याकडच्या जास्त राखेच्या, कमी उष्णतेच्या कोळशासाठी. रुंद जाळी भारतीय आणि कोळसा वेल्सचा, अशी जोडी जमवली तर इंजिन जन्मात नव्हतं इतकं तगडं होतं. भारतीय इंजिनांच्या फाईली तपासताना मी सर्वांत आधी हाच आकडा बघायला सांगेन, कारण तो कोणीच बघत नाही.

लिव्हर खाली ठेवून पळवणं

गाडी सुटताना कट-ऑफ सत्तर-पंचाहत्तर टक्के ठीक. वेग आला की तो आणत आणत वीस-पंचवीसवर यायला हवा आणि रेग्युलेटर बऱ्यापैकी उघडा राहायला हवा. वाफ सिलिंडरमध्ये प्रसरण पावते आणि त्या प्रसरणातून फुकट काम मिळतं. अनेक जण पंचाहत्तरवरच गाडी दामटतात, दाब कोसळतो आणि मग 'हे इंजिन वाफ धरत नाही' अशी तक्रार येते. इंजिन बरोबर वागलेलं असतं.

हीच गोष्ट उलटी करून तपासणीसाठी वापरा. ताशी ७० ला मुद्दाम लिव्हर पूर्ण खाली न्या. वाफेचा खर्च उडी मारून वाढला पाहिजे आणि काही मिनिटांत दाब उतरायला लागला पाहिजे. तसं झालं नाही तर जाळीचं क्षेत्रफळ किंवा बॉयलरची बाष्पन क्षमता फाईलमध्ये फुगवलेली आहे. रेग्युलेटर उघडल्यावर आग लगेच भडकत नाही, धुराड्यातल्या ओढीने ती हळूहळू वाढते, हेही दिसायला हवं. रेग्युलेटर बंद केला की ती ओढ संपते. ब्लोअर (धुराड्यात वाफ सोडून आगीला ओढ देणारी झडप) न उघडता उभं ठेवलेलं इंजिन पूर्वीच्याच दराने वाफ बनवत राहिलं, तर तीही शंकेची जागा.

गेम तुमच्यासाठी काय करतोय ते न बघणं

साधं नियंत्रण चालू आहे का? आगीकडे संगणकाचा फायरमन बघतोय की तुम्ही? बॉयलर आधीच तापवून ठेवण्याचा पर्याय निवडलाय का? प्रगत घर्षण बंद आहे का? ते बंद असेल तर चाकं घसरण्याचं गणित सोपं होतं, आणि दीड हजार टनांची मालगाडी वाजवीपेक्षा सहज सुटू शकते. दोन इंजिनांची किंवा दोन फेऱ्यांची तुलना करताना हे सगळं आणि हवामान सारखंच ठेवा. सुरुवातीला संगणकाचा फायरमनच असू द्या. त्याने आग नीट सांभाळली की उरलेला दोष इंजिनाच्या फाईलचा आहे हे कळतं. आपल्या हातचं फावडं नंतर.

एफ५ दाबून येणारे आकड्यांचे तक्ते या सगळ्यासाठी उघडेच ठेवा. वाफेच्या पानावर निर्मिती आणि खर्च शेजारी दिसतात, सिलिंडरची आणि ओढदांड्यावरची अश्वशक्ती वेगवेगळी दिसते. पुस्तकातला आकडा यापैकी कोणता आहे हे न बघता तुलना केली तर इंजिन आणि टेंडर ओढण्यात खर्च झालेली ताकद हिशेबातून गळते. उगाच तीन-चारशे अश्वशक्तींचा वाद सुरू होतो.

एककांचा गोंधळ

इंग्लंडचा टन २,२४० पौंडांचा, अमेरिकेचा २,००० चा, आपला मेट्रिक १,००० किलोचा. फाईलमध्ये नुसतं 't' हे अक्षर लिहिलं की मेट्रिक टन होतो. अमेरिकी आकडे तसेच चिकटवले तर गाडी दहा टक्के जड होते.

इंजिनावर डब्यांचं पाप टाकणं

इंजिन अशक्त वाटलं की लगेच त्याच्या फाईलला हात घालू नका. आधी सपाट, सरळ रुळावर गाडी ताशी ६० ला न्या, रेग्युलेटर बंद करा आणि ती किती अंतर आपोआप जाते ते बघा. डबे बदलून पुन्हा बघा. एक गाडी लवकर थांबते आणि तेवढ्याच वजनाची दुसरी लांब जाते, तर दोष डब्यांच्या रोधाच्या आकड्यांत आहे. बेअरिंग कोणत्या प्रकारचं लिहिलंय तेही बघा. जुन्या घर्षण बेअरिंगची गाडी उभी असताना सुटायला जड असते, रोलर बेअरिंगची त्यामानाने खूप हलकी सुटते.

व्हॅक्यूम ब्रेक हे आणखी एक लपलेलं कारण. नळीत व्हॅक्यूम (निर्वात) आला की मगच हे ब्रेक सुटतात. लांब गाडीत शेवटच्या डब्यापर्यंत व्हॅक्यूम परत यायला वेळ लागतो. इंजिनातला काटा वर आला म्हणून रेग्युलेटर उघडला, तर मागचे चार डबे अजून ब्रेक धरून बसलेले असू शकतात. तक्त्याच्या ब्रेकच्या पानावर शेवटच्या डब्याचा आकडा बघा, तो सुटला की मगच वेळ मोजायला सुरुवात करा.

एवढं करूनही आकडे जुळले नाहीत तर फाईलमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती बॉयलरच्या बाजूने: आधी जाळी आणि कोळसा, मग बाष्पनाचं क्षेत्रफळ, मग सुपरहीटर. सिलिंडरचा व्यास, धाव आणि दाब हे आकडे कारखान्याच्या नकाशातून आलेले असतात. वेग जुळवण्यासाठी त्यांना हात लावू नका.