इंग्लंडच्या नदीकाठी गळ टाकताना: परवान्याची तपासणी आणि आपली तयारी

महाराष्ट्रात ‘बेलिफ’ म्हटले की न्यायालयाचे समन्स किंवा जप्तीचा हुकूम घेऊन दारात उभा राहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमध्ये नदीकाठी गळ टाकून बसलेल्याला हाच शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो. येथे बेलिफ म्हणजे पाण्यावर लक्ष ठेवणारा आणि मासेमारीचा परवाना पाहणारा माणूस. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या आणि गावाकडचा गळाचा छंद पुन्हा धरलेल्या अनेक मराठी कुटुंबांना या तपासणीची धास्ती वाटते, आणि माझ्या अनुभवात ती धास्ती बहुतेक वेळा नियम कडक असल्यामुळे नव्हे, तर कोण काय मागतो आहे हेच न उमगल्यामुळे असते.

येथे परवानग्या दोन असतात आणि त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी. पहिली परवानगी सरकारी असून तिला ‘रॉड लायसन्स’ म्हणतात. दुसरी त्या पाण्याच्या मालकाची, म्हणजे एखाद्या क्लबची, शेतकऱ्याची किंवा नगरपालिकेची असते आणि ती वार्षिक सभासदत्व किंवा दिवसाचे तिकीट अशा रूपात मिळते. आपल्याकडे धरणाच्या जलाशयातील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो आणि तेथे बाहेरच्याने संस्थेच्या संमतीवाचून जाळे टाकायचे नसते. मालकाच्या परवानगीमागचा विचार त्याच जातीचा आहे. तळ्यावरच्या टपरीत दिवसाचे तिकीट काढले म्हणजे झाले, असे समजून बसलेला माणूस तपासणीत हमखास सापडतो, कारण तिकीट देणारा सरकारी परवाना देत नसतो.

इंग्लंड आणि वेल्स या दोन्ही ठिकाणी एकच रॉड लायसन्स चालते. स्कॉटलंडमध्ये, बॉर्डर एस्क नदीचे खोरे वगळता, असा परवाना लागत नाही. मात्र पाण्याच्या मालकाची परवानगी तेथेही लागतेच. परवाना गोड्या पाण्यातील माशांसाठी, तसेच सॅल्मन, ट्राऊट, स्मेल्ट आणि ईल यांच्यासाठी असतो; समुद्रात काठी-दोरीने इतर मासे धरायला तो लागत नाही. तेरा वर्षांखालील मुलांना परवान्याची गरज नाही. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना तो विनामूल्य मिळतो, परंतु विनामूल्य आहे म्हणून तो काढलाच नाही तर मुलाकडे परवाना नाही असेच धरले जाते. परवाना एक दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा बारा महिन्यांचा घेता येतो. ६६ वर्षांवरील आणि ठरावीक अपंगत्व लाभ मिळणाऱ्या व्यक्तींना फक्त वार्षिक परवान्यावर सवलत मिळते. तो सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा, कारण तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर जादा पैसे मोजावे लागतात. परवान्यावर सुरुवातीची तारीख आणि वेळ नोंदवलेली असते, त्यामुळे अधिकारी दूरवरून येताना पाहून घाईघाईने भ्रमणध्वनीवर काढलेला परवाना त्याआधीच्या वेळेसाठी उपयोगी पडत नाही.

किती काठ्या लावायच्या, हाही परवान्याचाच भाग आहे. ट्राऊट आणि इतर गोड्या पाण्यातील माशांचा साधा परवाना दोन काठ्यांपुरता असतो. तिसरी लावायची असेल तर तीन काठ्यांचा परवाना लागतो. अनेक काठ्या लावल्यास दोन्ही टोकांच्या काठ्यांच्या मुठींमधील अंतर तीन मीटरपेक्षा जास्त असू नये. गळ पाण्यात सोडून काठीपासून उठून दूर जाण्यासही मनाई आहे. जवळच्या ओळखीच्या माणसाला ‘जरा काठी बघा, मी आलोच’ असे सांगून चहा आणायला जाणे आपल्याला साहजिक वाटते, पण नियमाच्या दृष्टीने ती काठी तुमची आणि जबाबदारीही तुमचीच असते.

माझे सासरे उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते तेव्हाची गोष्ट सांगतो. कृष्णेच्या काठी वाढलेल्या त्या माणसाला ट्रेंट नदी दाखवायला मी घेऊन गेलो, माझा परवाना दोन काठ्यांचा होता म्हणून एक काठी त्यांच्या हाती दिली, आणि तासाभरात अधिकारी समोर उभा राहिला. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, काठीच्या नव्हे, हे मला तेव्हा कळले. सासऱ्यांनी एक दिवसाचा परवाना घ्यायला हवा होता आणि ते भारताचे नागरिक असल्याने त्यात कोणतीही अडचण नव्हती. अधिकाऱ्याने शांतपणे नाव आणि पत्ता लिहून घेतला, पुढे लेखी ताकीद आली आणि प्रकरण तेथेच थांबले, परंतु परतीच्या वाटेवर सासरे एक शब्द बोलले नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परक्या देशात गुन्हेगारासारखे उभे राहावे लागले याचे दुःख मला आजही आहे आणि हे लिहिण्यामागचे खरे कारणही तेच आहे.

तपासणीला येणारे लोक दोन प्रकारचे असतात. इंग्लंडमध्ये पर्यावरण संस्थेचे, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचे मत्स्य अधिकारी येतात. त्यांच्या अंगावर अनेकदा संरक्षक जाकीट असते आणि त्यांच्याजवळ अधिकारपत्र असते, जे पाहण्याची विनंती तुम्ही नि:संकोच करावी. १९७५ च्या सॅल्मन आणि गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसाय कायद्याखाली, त्या कायद्याच्या अंमलबजावणीपुरते, त्यांना पोलीस शिपायाचे अधिकार आहेत. मासे धरत असलेल्या, धरण्याच्या बेतात असलेल्या किंवा मागील अर्ध्या तासात धरल्याचा रास्त संशय असलेल्या व्यक्तीकडे ते परवाना, नाव आणि पत्ता मागू शकतात, तसेच साधने, आमिष आणि मासे ठेवण्याची पिशवी किंवा जाळीही तपासू शकतात. दुसरा असतो क्लबचा बेलिफ. तो बहुधा निवृत्त, स्वयंसेवक वृत्तीचा सभासद असतो आणि त्याचा मुख्य अधिकार क्लबच्या तिकिटापुरता व नियमांपुरता असतो. मात्र याच कायद्यात एक फारशी माहीत नसलेली तरतूद आहे: स्वतःचा परवाना दाखवून कोणताही परवानाधारक दुसऱ्या मासेमाराकडे त्याचा परवाना पाहायला मागू शकतो. म्हणून ‘तुम्ही सरकारी माणूस नाही, मी का दाखवू?’ असा वाद घालण्यापूर्वी समोरच्याने आपला परवाना पुढे केला आहे का, ते पाहावे. ही तरतूद तुम्ही स्वतः अंधारात, अनोळखी टोळक्यासमोर वापरून पाहावी असे मात्र मी मुळीच सुचवणार नाही.

अधिकारी आला की काठी गुंडाळण्याची घाई करू नये, कारण निघून जाण्याचा प्रयत्न संशय वाढवतो. परवान्याचा ईमेल किंवा संदेश भ्रमणध्वनीत असा ठेवावा की नेटवर्क नसतानाही तो उघडेल. नदीच्या खोलगट काठावर नेटवर्क जाणे रोजचेच आहे. बॅटरी संपण्याची सोय म्हणून परवान्याचा क्रमांक कागदावर लिहून सामानाच्या पेटीत ठेवावा. पत्ता बदलला असेल तर तो नोंदीत बदलून घ्यावा, कारण पुढचा सर्व पत्रव्यवहार त्याच पत्त्यावर होतो. परवाना घेतलेला आहे पण त्या क्षणी दाखवता येत नाही, अशी वेळ आली तर कायदा सात दिवसांत तो संबंधित कार्यालयात दाखवण्याची संधी देतो. नाव किंवा पत्ता चुकीचा सांगणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे, कारण त्यामुळे साधी चूक गंभीर होते.

परवान्याशिवाय मासे धरणे हा फौजदारी गुन्हा असून त्यासाठी २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अशी अनेक प्रकरणे एकाच दंडाधिकाऱ्यासमोर केवळ कागदपत्रांवर चालतात. घरी येणाऱ्या नोटिशीला २१ दिवसांत उत्तर द्यायचे असते, आणि येथेच आपली माणसे फसतात: पाकीट न उघडता बाजूला ठेवले जाते, निकाल अनुपस्थितीत लागतो आणि दंडावर खर्च व अधिभार चढतो. चूक झाली असल्यास वेळीच कबुली दिल्याने दंडात एक तृतीयांशापर्यंत सूट मिळते. उत्पन्नाचा तपशील भरून दिल्यास दंड ठरवताना तोही विचारात घेतला जातो.

या अंमलबजावणीबद्दल मासेमारांच्या मनात काय आहे, हे काठावर बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. बाहेरून वाटते तशी तक्रार ‘आम्हाला का तपासता?’ अशी क्वचितच असते. ‘इतकी वर्षे परवाना घेतो, पण आजवर कोणी विचारले नाही’ हीच खंत मी अधिक वेळा ऐकली आहे. परवान्याच्या पैशांतून नद्यांत मासे सोडले जातात, नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन येथील मत्स्यबीज केंद्र चालते आणि अधिकाऱ्यांच्या गस्ती होतात, हे त्यांना ठाऊक असते. म्हणूनच नियम पाळणाऱ्याला सोप्या, गजबजलेल्या तळ्यावर तपासले जाते आणि आडवाटेला रात्री जाळी लावणारा सुटतो, असे वाटले की त्यांना तो अन्याय वाटतो. मला या भावनेत तथ्य वाटते, पण गस्तीची संख्या थोडी आणि पाण्याची लांबी अफाट असताना साध्या तळ्यावरची तपासणी वायफळ आहे असे मी म्हणणार नाही, कारण परवान्याचा पैसा तेथूनच उभा राहतो.

परदेशातून आलेल्या मासेमारांबद्दल एक वेगळा संशयही असतो आणि तो बहुधा मासे घरी नेण्यावरून येतो. आपल्याला धरलेला मासा शिजवणे स्वाभाविक वाटते, तर येथील बहुसंख्य मासेमार मासा वजन करून, छायाचित्र काढून, ओल्या चटईवरून पुन्हा पाण्यात सोडतात. इंग्लंडमधील नद्यांतून दिवसाला एक पाईक, तोही ६५ सेंटीमीटरपर्यंतचा, ३० ते ३८ सेंटीमीटरमधील दोन ग्रेलिंग आणि रोच, ब्रीम, कार्प यांसारखे २० सेंटीमीटरपर्यंतचे पंधरा छोटे मासे नेता येतात, परंतु तेही पाण्याच्या मालकाची संमती असेल तरच. ईल नेता येत नाही. संमतीवाचून मासा नेणे १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात बसते. अँगलिंग ट्रस्ट या मासेमारांच्या संघटनेने स्थलांतरितांसाठी ‘बिल्डिंग ब्रिजेस’ नावाचा उपक्रम राबवला आणि अनेक भाषांत फलक लावले, तो याच गैरसमजावर उपाय म्हणून.

नद्यांत १५ मार्च ते १५ जून हा गोड्या पाण्यातील सर्वसाधारण माशांच्या विणीचा बंदीकाळ असतो. बहुतेक तळी आणि कालवे त्यातून वगळलेले आहेत, तरी त्या पाण्याचे स्वतःचे नियम वाचून मगच जावे. याच काळात नदीकाठी कोणी काठी किंवा जाळे लावलेले दिसले तर स्वतः पुढे न होता जागा, वेळ आणि शक्य असल्यास वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा आणि पर्यावरण संस्थेच्या ०८०० ८० ७० ६० या विनाशुल्क क्रमांकावर कळवावे. तो चोवीस तास चालू असतो.