व्यायामाला एकही खाडा नाही? मग या चुका टाळा

सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की आमच्या पहाटेच्या ग्रुपमध्ये नवे चेहरे दिसायला लागतात आणि त्यांच्याबरोबर त्याच त्या चुकाही येतात. यवतेश्वरचा घाट चढायला दम लागतो हे सगळ्यांना कळतं. विश्रांती घ्यायलाही दम लागतो, हे मात्र कुणाच्या पचनी पडत नाही.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे खाडा न करण्यालाच शिस्त समजणं. शिस्तीचा माणूस ताप आला की गपचूप पांघरूण घेतो. व्यायामाची सक्ती, म्हणजे एक प्रकारचं व्यसनच, अंगात मुरलेला तापातही बूट चढवतो, आणि कुणी अडवलंच तर दिवसभर घरच्यांवर खेकसतो.

आमच्याकडे आयटीतला एक मुलगा होता. कामात काटेकोर, प्रत्येक किलोमीटर एक्सेलमध्ये. उजव्या नडगीवर बोट टेकवून म्हणायचा, "सर, इथेच दुखतं, बस." नडगी लांब पट्ट्यात ठणकत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे अति श्रमाने आलेलं नडगीचं दुखणं निघतं. बोटाच्या टोकाएवढ्या जागी कळ येत असेल तर हाडाला चीर असल्याचा संशय घ्यावा. एक्स-रे स्वच्छ आला, स्वारी खूश! पण अशी चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, पहिले काही आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआय कर म्हटलं, तर आज करतो, उद्या करतो. थांब म्हटलं की मान डोलवायचा आणि रात्री जेवण झालं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचा, का तर घड्याळातली सलग दिवसांची मोजणी तुटू नये. हे आम्हाला त्याच्या बायकोकडून कळलं. शेवटी जिना उतरताना पाय टेकवेना, तेव्हा एमआरआय झाला. सातारा हुकलंच, जानेवारीतली मुंबई मॅरेथॉनही गेली. कुबड्या घेऊन भेटला तेव्हा पहिला प्रश्न, "पुशअप्स चालतील ना?"

हा स्वभावाचा भाग असतो. सगळं परफेक्टच हवं असणारी आणि सतत काळजी करणारी माणसं यात लवकर अडकतात. त्यांना "अजून थोडं ताण" म्हणणाऱ्या कोचचा मला राग येतो. मी अशांच्या वेळापत्रकात "सोमवार: धावायचं नाही" असं लिहून देतो आणि त्यापुढेही टिक करायला लावतो. टिक करायला मिळाली की गडी ऐकतो. घड्याळ आठवड्यातून एकदा घरी ठेवायचं, यावर वाद चालत नाही.

ही सक्ती किती घट्ट असते बघा. बेकलँड नावाच्या संशोधकाने १९७० च्या सुमाराला महिनाभर व्यायाम बंद ठेवणारे लोक शोधले. आठवड्यातून पाच-सहा दिवस व्यायाम करणारे पैसे देऊनही तयार होईनात. शेवटी तीन-चार दिवसवाल्यांवर भागवावं लागलं.

दुसरी चूक अपराधीपणावर धावण्याची. "काल लग्नात जिलब्या हाणल्या, आज पाच किलोमीटर जास्त." डेसी आणि रायन यांच्या प्रेरणेच्या सिद्धांतात मजा येते म्हणून करणं वेगळं आणि न केल्यास स्वतःची लाज वाटते म्हणून करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात माणूस जेवणही कापायला लागतो. मुलींची पाळी तीन महिने आली नाही तर तो फिटनेस नव्हे, तडक डॉक्टरकडे जा. खाणं आणि श्रम यांचा मेळ बसला नाही की हाडं आणि हार्मोन्स दोन्हींवर परिणाम होतो. ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला 'रेड-एस' नाव दिलं, आणि ते पुरुषांनाही होतं.

बाकीच्या किरकोळ. पेनकिलर घेऊन धावू नका, मूत्रपिंडांवर ताण येतो. वेग घटतोय म्हणून सराव वाढवू नका. दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटवर आपलं वेळापत्रक ठरवू नका.

आणि मदत मागताना "मला व्यायामाचं व्यसन आहे" एवढंच म्हणू नका. "दारू तर पीत नाहीस ना!" असं उत्तर मिळतं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी यादीत जुगाराच्या व्यसनाची नोंद आहे, व्यायामाच्या व्यसनाची स्वतंत्र नाही. म्हणून समुपदेशकाला थेट घडलेलं सांगा: दुखत असताना किती धावलो, कुठले कार्यक्रम बुडवले, खाडा झाल्यावर काय झालं. घरातलं कुणीतरी बरोबर न्या, तुम्ही अर्धंच सांगाल.