कोल्हापूर निवांत बघायचंय? मग या चुका टाळा

माझी ठाण्याची मावशी गेल्या वर्षी मुद्दाम शनिवार-रविवार सोडून, रजा काढून आली. मंगळवारी सकाळी दहाला अंबाबाईच्या देवळापाशी पोचली, तर रांग पार रस्त्यावर आलेली. दुखऱ्या गुडघ्यांनी ती तीन तास उभी राहिली. मला फार वाईट वाटलं, कारण आदल्या दिवशी एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं की मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार.

सगळ्यात मोठी चूक हीच. लोक सुट्ट्या बघतात, पंचांग बघत नाहीत. रविवार जोतिबाचा, आणि चैत्र पौर्णिमेला तर अख्खा डोंगर गुलालाने माखलेला असतो. दत्ताच्या नृसिंहवाडीला गुरुवार आणि पौर्णिमा. नवरात्राचं वेगळं सांगायला नको. किरणोत्सव मात्र बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या सुमारास मावळतीची किरणं देवीपर्यंत जातात आणि त्या संध्याकाळी देऊळ भरून जातं. सोहळा बघण्यासारखाच आहे, पण त्या दिवशी निवांत दर्शन मिळणार नाही.

दुसरी चूक म्हणजे रविवारी सकाळी पन्हाळा, संध्याकाळी रंकाळा. सगळं शहर तिथेच असतं. त्यापेक्षा खिद्रापूरला जा. अंतर साठेक किलोमीटर. कोपेश्वराचं हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. खालच्या शिळेवर उभं राहून वर बघितलं की खांबांच्या कड्यातून नुसतं आभाळ दिसतं. बाहेरून फिरताना तळाशी दगडी हत्तींची ओळ बघायला विसरू नका. मात्र ‘नृसिंहवाडीहून जवळच आहे’ म्हणून ते भर दुपारवर ढकलू नका. फरशी तापते, अनवाणी पाय टेकवत नाहीत. सकाळी आधी खिद्रापूर, मग वाडी. पाण्याची बाटली आणि डबा सोबत असू द्या.

पावसाळ्यात एकांत शोधत आडवाटेला शिरण्याची चूक तर अजिबात करू नका. निघण्याआधी पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी बघा: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. ज्यांच्यावरून रस्ते जातात ते गावोगावचे छोटे बंधारे त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. 2019 आणि 2021 ला तर पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला होता. दाजीपूर अभयारण्यही पावसाळ्यात बंद असतं. तिथली गाडी आणि मुक्काम डिसेंबर-जानेवारीत ठरवा, तेही मधल्या वारी.

गर्दीत अडकलातच तर? अंबाबाईला मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती लवकर सरकते. म्हातारी माणसं सोबत असतील तर तेवढंच घ्या आणि रात्री जेवून पुन्हा या. पन्हाळ्याच्या वाटेवर गाड्या तुंबल्या असतील तर तासभर घालवू नका. जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला पोहाळ्याची लेणी आहेत, तिकडे वळा. डोंगरावरच्या गर्दीतलं फारसं कुणी तिथे थांबत नाही.

यंदा जानेवारीत मावशी पुन्हा आली, बुधवारी. पहाटे साडेपाचला देवळात गेलो आणि उजाडायच्या आत दर्शन घेऊन बाहेर आलो. मग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तिने म्हशीचं धारोष्ण दूध दोन पेले घेतलं.