सिगारेटचा धूर मुरलेली खोली बाळासाठी अशी धुवा

वास गेला म्हणजे खोली साफ झाली असं समजू नका. निकोटिन भिंतीत, पडद्यांत, गादीत मुरतं. हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होतात, हे बर्कलीच्या संशोधकांनी 2010 साली दाखवलं. रांगणारं बाळ जमिनीवरचा हात थेट तोंडात घालतं, म्हणून त्याची काळजी जास्त.

फोंड्याच्या आमच्या भाड्याच्या घरात मी आधी जुनी गादी आणि उशा टाकून दिल्या. त्या धुऊन भागत नाही. मग खिडक्या उघडा, हातमोजे घाला आणि भिंती, दारं साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. नंतर पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुन्हा एक हात फिरवा. निकोटिन अल्कधर्मी, त्यामुळे आम्लात चांगलं सुटतं. पंख्याची पाती विसरू नका. आमच्या पात्यांवरून कोऱ्या चहाच्या रंगाचं चिकट पाणी निथळलं. फडका सारखा बदला, नाहीतर तेच दुसरीकडे फासाल. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

रंगकाम सगळ्यात शेवटी. न धुता रंगवलेल्या भिंतीतून डाग वर येतात. गणेश चवथीच्या साफसफाईत धुणं उरका, पण रंग मात्र पाऊस ओसरून भिंती वाळल्यावरच लावा.