गावातली वीरगळ वाचायची कशी?

जिल्ह्यातली जुनी गावं बघायला निघालात तर किल्ला आणि देवळाचा गाभारा बघून लगेच परत फिरू नका. देवळामागे, पाराखाली, वेशीजवळ कोरीव दगड पडलेले असतात. त्यांत बहुधा वीरगळ असते, म्हणजे लढताना मेलेल्या वीराचं स्मारक.

ती खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर किंवा प्रत्यक्ष लढाई. तिथे गाईगुरं कोरलेली दिसली, तर तो गोधन वाचवताना गेला असं समजावं. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, आणि आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीचं स्मारक.

झीज झालेलं कोरीवकाम भर दुपारी सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, नाहीतर मोबाइलचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. पुसट ढालसुद्धा उठून येते. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, तेल, पीठ मात्र अजिबात लावू नका. दगड खराब होतो, आणि तो पुन्हा कोणी घडवून देणार नाही.

निघण्याआधी जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, चाळा. १८८०च्या दशकातले जुने खंडही इंटरनेटवर मिळतात. आणि गावात पोचल्यावर गुरवाला नक्की विचारा. कुठला दगड कुठून हलवला, हे बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक असतं.