अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात फेडरल पैसा कुठल्या काउंटीत किती जातो, हे कसं काढायचं

पहिली गोष्ट म्हणजे, "या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) वॉशिंग्टनचे, म्हणजे फेडरल किंवा केंद्र सरकारचे, एकूण इतके डॉलर आले" असा तयार आकडा शोधत बसू नका. पूर्वी मिळायचा. जनगणना करणारा सेन्सस ब्युरो कन्सॉलिडेटेड फेडरल फंड्स रिपोर्ट काढायचा, १९८३ पासून २०१० च्या आर्थिक वर्षापर्यंतचा, आणि त्यात पेन्शन, ग्रँट, कॉन्ट्रॅक्ट, पगार सगळं काउंटीप्रमाणे एका ठिकाणी असायचं, मग तो कार्यक्रमच बंद केला. आता तुकडे चार-पाच ठिकाणी पडलेत आणि ते जोडायचं काम आपलं.

मी इथे न्यू मेक्सिको घेतोय, कारण काउंट्या फक्त ३३ आहेत आणि या विषयात जेवढे म्हणून घोळ होऊ शकतात ते सगळे त्या एका राज्यात सापडतात. पहिल्याच फटक्यात २५४ काउंट्यांचं टेक्सास घेऊ नका, उगाच दम निघेल.

आकडे उघडायच्या आधी प्रश्न नक्की करा. काउंटी सरकारच्या तिजोरीत किती आले, तिथे राहणाऱ्या लोकांच्या हातात किती आले, की तिथे होणाऱ्या कामावर किती खर्च झाले? तिन्हीची उत्तरं एकमेकांच्या जवळपासही नसतात, आणि बातम्यांमध्ये जी भांडणं दिसतात की अमुक काउंटी फुकट खाते, त्यातली निम्मी तरी या तीन प्रश्नांची सरमिसळ करूनच होतात.

आता यूएसएस्पेंडिंग डॉट गव्ह उघडा. २००६ च्या पारदर्शकता कायद्यातून ही साइट आली, आता ट्रेझरी खातं चालवतं. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये आधी आर्थिक वर्ष निवडा, ते १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतं, म्हणजे २०२३ चं वर्ष २०२२ च्या ऑक्टोबरातच सुरू झालेलं असतं. अगदी ताजं वर्षही घेऊ नका, कारण संरक्षण खात्याचे कॉन्ट्रॅक्ट तिथे ९० दिवस उशिरा दिसतात, आणि ज्या काउंटीत लष्करी तळ आहे तिचा आकडा त्यामुळे उगाच कमी दिसतो.

मग येतो लोकेशनचा फिल्टर, आणि खरी मेख इथे आहे. दोन पर्याय असतात, एक रेसिपियंट लोकेशन म्हणजे पैसे घेणाऱ्याचा पत्ता कुठला, आणि दुसरा प्लेस ऑफ परफॉर्मन्स म्हणजे काम कुठे होतंय. कॉन्ट्रॅक्टसाठी माझ्या मते डोळे झाकून दुसरा घ्यावा, कारण मोठ्या कंपन्यांची ऑफिसं भलतीकडेच असतात आणि पत्त्याने बघितलं की पैसा त्या ऑफिसच्या काउंटीत जाऊन बसतो. ग्रँटमध्ये मात्र दोन्ही पर्याय गंडवतात. मेडिकेडचे (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) किंवा हायवेचे पैसे राज्य सरकारच्या खात्याकडे जातात, खात्याचं ऑफिस राजधानीत, म्हणजे पत्त्याने शोधलं की सगळं सँटा फे काउंटीच्या नावावर. कामाच्या जागेने शोधलं तर ती नोंद 'राज्यभर' अशी असते, काउंटीचा रकानाच रिकामा. कॅलिफोर्नियात हेच सॅक्रामेंटोचं होतं आणि टेक्सासमध्ये ट्रॅव्हिस काउंटीचं. नकाशात राजधानीची काउंटी गडद रंगात दिसली की लगेच निष्कर्ष काढू नका, आधी ग्रँट बाजूला काढून बघा. सब-अवॉर्डचा डेटा वेगळा मिळतो, त्यातून राज्याने पुढे कुणाला दिले ते थोडंफार कळतं, पण तो अर्धवट असतो आणि मूळ रकमेत मिळवायचा तर अजिबातच नाही, तेच पैसे दोनदा मोजले जातील.

आदिवासी भागात अजून एक गंमत. नाव्हाहो नेशन या आदिवासी राष्ट्राचा बराच भाग न्यू मेक्सिकोत आहे, मॅकिन्ली आणि सॅन वान काउंटीत, पण त्यांची राजधानी विंडो रॉक ही अ‍ॅरिझोनातल्या अपाची काउंटीत, त्यामुळे पत्त्याने शोधलं तर त्यांचे ग्रँट राज्याबाहेरच जातात.

आता लोकांना थेट मिळणारे पैसे. हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि सगळ्यात कंटाळवाणाही, म्हणून लोक तो सोडून देतात आणि मग कॉन्ट्रॅक्टवरूनच सगळं ठरवतात. सोशल सिक्युरिटी खातं, म्हणजे सरकारी पेन्शन देणारं, दरवर्षी राज्य आणि काउंटीप्रमाणे तक्ता काढतं, पण त्यातली रक्कम फक्त डिसेंबर महिन्याची असते आणि हजार डॉलरमध्ये असते, म्हणजे १२ ने गुणलं तर वर्षाचा साधारण अंदाज येतो. माजी सैनिकांवरचा खर्च व्हेटरन्स अफेअर्स खातं काउंटीप्रमाणे वेगळा देतं. मेडिकेअरची (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) काउंटीनिहाय फाइल तो चालवणाऱ्या सीएमएस या संस्थेकडे मिळते, पण त्यात मूळ मेडिकेअरचाच खर्च असतो, अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनवाले, म्हणजे खासगी विमा कंपन्यांमार्फत मेडिकेअर घेणारे, त्यात नाहीत, आणि जिथे असे लोक जास्त तिथला आकडा खोटाच कमी दिसतो. एवढं सगळं जमवायचा कंटाळा आला तर ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिसचा सीएआयएनसी३५ हा तक्ता उतरवून घ्या, एकाच ठिकाणी सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, मेडिकेड, स्नॅप (गरिबांना अन्नासाठी मदत), बेरोजगार भत्ता सगळं मिळतं. फक्त दोन गोष्टी बघा. तो कॅलेंडर वर्षाचा असतो, आणि मेडिकेडमध्ये राज्याचा वाटाही मिसळलेला असतो, तो वजा करावा लागतो. फेडरल वाटा कायद्याने किमान ५० टक्के, न्यू मेक्सिकोसारख्या कमी उत्पन्नाच्या राज्यात नेहमीचा दर ७० टक्क्यांच्या वर, आणि मेडिकेडची व्याप्ती नंतर वाढवली तेव्हा त्यात आलेल्या गटासाठी ९० टक्के.

पगार यूएसएस्पेंडिंगच्या या सर्चमध्ये येत नाहीत. त्यासाठी ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचा क्यूसीईडब्ल्यू, म्हणजे नोकऱ्या आणि पगारांची तिमाही मोजणी, घ्या आणि मालकी 'फेडरल' निवडा. गणवेशातले सैनिक त्यात नसतात, ते वर सांगितलेल्या इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिसवाल्यांच्याच दुसऱ्या तक्त्यात, मिळकतीच्या, मिलिटरी म्हणून वेगळे मिळतात. ओटेरो काउंटीत हॉलोमन तळ आहे, बर्नालियोत कर्टलंड, तिथे ही ओळ विसरून चालणार नाही.

लॉस अलामोसची अण्वस्त्र प्रयोगशाळा मात्र पगारात शोधू नका. ती ऊर्जा खात्याच्या मालकीची असली तरी चालवते कॉन्ट्रॅक्टर कंपनी, त्यामुळे तिथल्या लोकांचा पगार कॉन्ट्रॅक्टच्या रकमेत आधीच आलेला असतो. आणि या काउंटीत माणसं जेमतेम २० हजारांच्या आसपास, त्यामुळे दरडोई काढलं की आकडा आभाळाला भिडतो आणि बाकीच्या ३२ काउंट्या नकाशात एकाच फिक्या रंगात दिसतात. प्रत्यक्षात तिथे काम करणारे कितीतरी लोक रोज सँटा फे आणि रिओ अरिबा काउंटीतून येतात, म्हणजे पगार खर्च होतो शेजारी. म्हणून दरडोई दाखवायचंच असेल तर कॉन्ट्रॅक्टसकट आणि कॉन्ट्रॅक्टशिवाय असे दोन नकाशे करा.

काउंटी सरकारच्या हातात थेट पडणारा पैसा तुलनेने थोडा असतो, पण स्पष्ट असतो. फेडरल जमिनीवर काउंटीला कर लावता येत नाही, म्हणून १९७६ च्या कायद्याने त्या बदल्यात पिल्ट नावाची रक्कम मिळते, फेडरल जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरियर खात्याच्या साइटवर प्रत्येक काउंटीचा आकडा आहे. कॅट्रनसारख्या जंगलाने व्यापलेल्या, विरळ वस्तीच्या काउंटीसाठी हे पैसे जीव की प्राण. २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या कोविड मदतीच्या कायद्यात देशभरातल्या काउंट्यांना ६५.१ अब्ज डॉलर लोकसंख्येच्या हिशोबाने दिले होते, त्या वर्षांचे आकडे फुगलेले दिसतील, घाबरू नका.

फाइली जोडताना काउंटीच्या नावाने जोडायच्या नाहीत. डोन्या आना या नावातला अक्षरावरचा फराटा एका फाइलीत असतो, दुसरीत नसतो, आणि एक्सेल त्यांना दोन वेगळ्या काउंट्या समजतं. फिप्स कोड, म्हणजे प्रत्येक काउंटीचा ठरलेला सरकारी क्रमांक, वापरा, राज्याचे २ आकडे, काउंटीचे ३, आणि तो रकाना टेक्स्ट ठेवा, नाहीतर पुढची शून्यं गायब. दुसरं राज्य घेतलंत तर व्हर्जिनियात स्वतंत्र शहरं काउंटीबाहेर मोजतात, आणि कनेटिकटमध्ये सेन्ससने २०२२ पासून काउंट्यांऐवजी प्लॅनिंग रीजन वापरायला घेतलेत, त्यामुळे जुनी-नवी वर्षं सरळ जुळत नाहीत.

यूएसएस्पेंडिंगमधल्या रकमा बहुतेक ऑब्लिगेशन असतात, म्हणजे सरकारने द्यायचं कबूल केलेले पैसे, हातात पडलेले नव्हे. १० वर्षांच्या कामाचा मोठा हप्ता एकाच वर्षात दिसू शकतो आणि काम रद्द झालं की उणे आकडा येतो, तो डिलीट करू नका, तो बरोबरच असतो. ३ वर्षांची सरासरी घेतली की बरंच शांत होतं. कर्ज आणि कर्जहमी यांची पूर्ण रक्कम खर्चात धरायची नाही, त्यांचा रकाना निराळा.

शेवटच्या तक्त्यात ३३ ओळींखाली ३४वी ओळ ठेवा, 'राज्यभर, काउंटी माहीत नाही' अशी, आणि उरलेले सगळे ग्रँट तिच्यात टाका. मेडिकेडचे पैसे सीएआयएनसी३५ वरून काउंट्यांत घातलेत तर तेवढे या ओळीतून काढा. हायवेचे वाटायचे असतील तर कुठल्या हिशोबाने वाटले, लोकसंख्येने की रस्त्याच्या लांबीने, ते त्याच ओळीत लिहा. आणि तसा हिशोब नसेल तर ती ओळ तशीच राहू द्या, भले ती सगळ्यात मोठी दिसली तरी.