दिवाळीच्या सुट्टीत वीण: शिक्षकी सांभाळून मेंढीपालन

सातारा-सांगलीतला माण, खटाव, आटपाडी, जत हा मेंढरांचा पट्टा. इथल्या घरात कुणाला शाळेची नोकरी लागली की पहिला प्रश्न येतो: मेंढरं ठेवायची की मोडायची? ठेवता येतात, पण चारणीवर नाही. साडेदहा ते पाच हीच चरायची वेळ आणि तीच शाळेची. घरात चारणारं माणूस नसेल तर वीस माद्यांचा बंदिस्त वाडा करा, त्याहून मोठा नको. गडी ठेवून शंभराचं खांड (कळप) चालवायचा हिशेब कागदावरच बरा दिसतो. जिल्हा परिषदेत असाल तर १९६७ चे वर्तणूक नियम आधी वाचा आणि जोडधंद्याबद्दल कार्यालयाला लेखी विचारून पोच ठेवा. तोंडी ‘चालतंय की’ पुढे कामाला येत नाही.

बाकी सगळं मेंढा कधी सोडायचा यावर अवलंबून आहे. मेंढी साधारण १४७ दिवसांनी विते आणि माज १७ दिवसांनी फिरतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपासून मागे मोजायचं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. मेंढा ५ जूनला सोडून २२ जूनला काढला, तर कोकरं ३० ऑक्टोबर ते १६ नोव्हेंबरच्या आसपास पडतील. आपल्या जिल्ह्याची सुट्ट्यांची यादी पाहून तारीख थोडी सरकवा. वीस माद्यांना एक मेंढा पुरतो. चार-पाच माद्या गाभण राहणार नाहीत. त्यांच्यासाठी मेंढा आत ठेवायचा मोह होतो, तो आवरा. मेंढा वर्षभर आत राहिला की वीण पांगते आणि ऐन परीक्षेच्या आठवड्यात रात्री बॅटरी घेऊन वाड्यात बसावं लागतं.

मे महिन्याची सुट्टी तयारीची. मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे मादीला रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक (भरडलेलं धान्य आणि पेंड) वाढवा, पण हळूहळू. जंताचं औषध आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन मेंढी दगावते तो रोग) लस पाऊस लागायच्या आत उरका. मादीला लस पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा हवी. ती चुकली तर पहिलीचा फारसा उपयोग होत नाही. वीण होण्याआधी महिनाभर पुन्हा एक मात्रा दिली की चिकातून कोकराला संरक्षण मिळतं. चीक पहिल्या दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या नारी सुवर्ण मेंढीला जुळी होतात, याची भुरळ पडते. पण दुबळ्या जुळ्याला दुपारी बाटलीनं दूध कोण पाजणार? पहिली दोन वर्षं साधी दख्खनी किंवा माडग्याळ बरी.

तीस किलोच्या मादीला रोज दीड किलो मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), ६०० ग्रॅम तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट आणि २०० ग्रॅम खुराक लागतो. वीस माद्यांचा सहा महिन्यांचा मुरघास साडेपाच टनांच्या आसपास जातो. तो एकदाच भरून ठेवला की सकाळचा सव्वा तास आणि संध्याकाळचा तास पुरतो. बुरशी आलेला मुरघास टाकून द्या. त्यातून मेंदूचा आजार होऊन मेंढी एकाच बाजूला गोल फिरत राहते.

नोकरदाराच्या वाड्यातली नेहमीची चूक म्हणजे प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला जाऊन उशिरा परतल्यावर भुकेल्या मेंढ्यांपुढे दोन वेळचं धान्य एकदम टाकणं. पोटात आम्ल वाढतं आणि सकाळपर्यंत मेंढी आडवी होते. अशा दिवशी फक्त भुसकट आणि पाणी द्या. दुसरी चूक गाईचं खनिज मिश्रण वापरण्याची. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि विषबाधा होते. पाकिटावर ‘मेंढीसाठी’ लिहिलेलंच घ्या.

वीण काढताना हातमोजे घाला, विशेषतः मेंढी गाभडली (गर्भ पडला) असेल तेव्हा. ब्रुसेलोसिस माणसाला होतो. वीण झाल्यावर पडणारी वार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्याला मिळू देऊ नका. कोकराच्या तोंडाला मावा (फोडांचा संसर्गजन्य रोग) आला असेल तर उघड्या हातानं औषध लावू नका, तोच फोड बोटावर येतो. वाड्यातले कपडे आणि चपला वाड्यातच ठेवा, अंघोळ करूनच शाळेत जा.